छाननीच्या दिवशी घेतलेलं नाव

माझ्या सासूबाईंनी तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव साध्या बोलण्यात एकदाही घेतलं नव्हतं. उखाण्यात घ्यायच्या. डोहाळजेवण असो, हळदीकुंकू असो, नाहीतर कुणी उंबऱ्यावर अडवलेलं असो, असा झोकात उखाणा टाकायच्या की गल्लीतल्या बायका खास ऐकायला थांबायच्या. पण उखाण्याबाहेर ते नाव त्यांच्या जिभेवर यायचं नाही. मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं नाव एका देवावरनं ठेवलेलं. त्या देवाची आरती चालू असली आणि नाव आलं की सासूबाई गप्प व्हायच्या आणि तेवढ्यापुरती टाळी मोठ्यानं वाजवायच्या. देवाला सवय झाली असणार. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढं घोळ होईल.

मी शिरोळकडची. बी. ए. झालेली, तोंडानं फटकळ, आणि नवऱ्याला चारचौघांत नावानं हाक मारणारी. लग्नाला आठ दिवस झाले नाहीत तोवर आमचं पहिलं भांडण त्यावरनंच झालं. "अगं, नवऱ्याचं आयुष्य कमी हुतंय," आत्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मग तुम्ही त्यांना दिवसातनं पन्नास वेळा हाका मारताय, त्यानं नाही का कमी होत?" त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी माझ्या ताटात जरा जोरातच टाकली आणि म्हणाल्या, "शिकलेली हाईस, खरं अक्कल कुटं इकत मिळत न्हाय." मला रागही आला आणि हसूही. तरीपण या मजकुरात मी कुणाचंच नाव घेणार नाही. आत्यांचा मान म्हणा हवं तर.

मामांचं तपकिरीचं दुकान होतं. घराच्या पुढच्याच खोलीत. ते त्यांनी एका मुसलमान तपकीरवाल्यांकडनं घेतलेलं, माझा नवरा पाळण्यात होता तेव्हा. दुकान घेतलं, बरण्या घेतल्या, गिऱ्हाईक घेतलं आणि पाटीसुद्धा तशीच ठेवली. जुन्या मालकांच्या तपकिरीला नाव होतं, पाटी बदलली तर लोक शिंकायचे बंद होतील अशी मामांना भीती. जुने मालक वारले, त्यांच्या मुलानं राजारामपुरीत शिवणकामाचं दुकान टाकलं, तरी ती पाटी हललीच नाही. दर दिवाळीला मामा तिला तेलपाणी करायचे. टेलरभाऊ, म्हणजे त्या मालकांचा मुलगा, राहायला आमच्याच गल्लीत. जाता-येता पाटीकडं बघून म्हणायचे, "अब्बा अजून धंद्यात हायत बघा."

ही गोष्ट साठ-सत्तरच्या मधली, कोल्हापुरात अजून नगरपालिका होती तेव्हाची. निवडणूक लागली आणि आमच्या गल्लीतल्या तालमीनं ठरवलं की या वेळी आपला माणूस उभा करायचा. आमच्या भागाचे मेंबर म्हणजे पलीकडच्या गल्लीतले लाकडाच्या वखारीचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण निवडून आल्यापासनं आमच्या गल्लीत आले ते फक्त जेवणावळींना. तालमीत बैठक बसली, आणि मामांचं नाव निघालं. मामांचा आवाज मोठा, कुणाचं भांडण असो, मधे पडायची सवय, आणि तपकिरीच्या निमित्तानं अर्धा भाग रोज दुकानाच्या पायरीवर. मामांनी दोनदा "छे, छे, मला कशाला" म्हटलं आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आत हार गळ्यात घालून घेतला.

अर्ज कसा भरायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. मग बी. ए. झालेल्या सुनेची आठवण झाली. पालिकेतनं नियमांचं एक चोपडं आणलं आणि एका रविवारी सकाळी, दुकानापुढं सतरंजी टाकून, मी उमेदवाराच्या पात्रतेच्या अटी मोठ्यानं वाचायला बसले. तालमीतली आठ-दहा माणसं पुढं बसलेली. मामा खुर्चीवर, हात मांडीवर, वधूपरीक्षेला बसल्यासारखे.

"वय पुरं झालेलं असावं," मी वाचलं.

"हाय की!" सगळी तालीम ओरडली.

"दिवाळखोर नसावा."

"न्हाय!"

"कोर्टानं वेडा ठरवलेला नसावा."

आतनं आत्यांचा आवाज आला, "कोर्टाला कशाला तरास देतासा? मी ठरवलेलं चालंल का इचारा."

सगळे हसले. मामाही हसले, पण जरा उशिरा. पालिकेशी कंत्राटात भागी नसावी, यावर बराच खल झाला. कारण मामांची म्हैस दर दोन महिन्यांनी कोंडवाड्यात जायची आणि मामा ती सोडवून आणायचे. हा व्यवहार कंत्राटात बसतो का? तालमीतला एक पैलवान म्हणाला, "म्हशीचं कंत्राट असंल, मामांचं कुटं हाय?" पटलं. पुढं सरकलो. पालिकेचा पगारी नोकर नसावा. नव्हते. पालिकेच्या शाळेत मास्तर होता तो माझा नवरा, आणि त्याला कुणी उभा करत नव्हतं.

मग मी वाचलं, "उमेदवाराचं नाव याच शहराच्या मतदारयादीत असलं पाहिजे."

"हाय," मामा म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता. मी वर बघितलं. मामा पायाच्या अंगठ्याकडं बघत होते.

"मामा, तुम्ही मत द्यायला कुठं जाता?"

"जातो की दर येळला."

"कुठं?"

"आता ते..." मामांनी तपकिरीची चिमूट घेतली, एक शिंक दिली, आणि मग सांगितलं. त्यांचं नाव शिरोळजवळच्या गावाच्या यादीत होतं. धाकटा भाऊ तिथं दर ग्रामपंचायतीला उभा राहायचा. एकदा एका मतानं पडला होता, त्या दिवसापासनं मामांनी आपलं नाव गावातनं काढायचं नाही अशी शपथच घेतली होती. दर मतदानाला भाऊ ट्रॅक्टर पाठवायचा आणि मामा ट्रॉलीत बसून, फेटा बांधून, मत देऊन यायचे. पंचवीस वर्षं कोल्हापुरात राहून हा माणूस कोल्हापूरचा मतदारच नव्हता! आणि यादीत नाव घालायची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

तालमीचे वस्ताद मामांपेक्षाही वयानं मोठे. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरं गड्या, हार घालून घ्यायच्या आधी तरी सांगायचंस!"

"मला कुणी इचारलं?" मामा म्हणाले. खरंच कुणी विचारलं नव्हतं.

घरातलं दुसरं कोण चालेल याची चाचपणी झाली. नवरा पालिकेचा पगारी, तो बाद. माझं नाव अजून माहेरच्या यादीत, मी बाद. एका घरात एवढी नालायक माणसं मी तरी पाहिली नव्हती. राहिल्या आत्या. त्यांनी दर वेळी इथंच मत दिलेलं. वस्ताद आत बघून म्हणाले, "वैनी, तुमी हुबं ऱ्हावा."

"मी? चुलीपुढं हुबी हाय तेवढं पुरं हाय," आत्या म्हणाल्या आणि पातेलं आपटलं.

पण संध्याकाळी त्या माझ्याजवळ आल्या. "मेंबर झालं की संडासाचं दार करून घेता येतंय का गं?" आमच्या गल्लीतल्या बायकांच्या संडासाला दार नव्हतं. म्हणजे होतं, पण दर होळीला तालमीची पोरं ते काढून जाळायची. नवं बसवलं की पुढच्या होळीत पुन्हा भक्. बायका दोघी-दोघीनं जायच्या, एक आत आणि एक बाहेर पोतं धरून. मी म्हटलं, "येतंय की. लोखंडी पत्र्याचं करून घ्या, जळायचंच नाही." आत्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "हुबी ऱ्हातो म्हणून सांग जा." कोल्हापुरात बायकासुद्धा जातो-येतोच म्हणतात, त्यांना 'राहते' वगैरे जमायचं नाही. पण मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं, ही बाई मामांची बदली म्हणून उभी राहत नाहीय. हिला मनापासनं उभं राहायचंय. तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी यादीतला त्यांचा क्रमांक काढायला मी आणि टेलरभाऊ पालिकेत गेलो. टेलरभाऊ त्यांचे सूचक होणार होते. घर नंबर सापडला, वय बरोबर, आत्यांचं नाव बरोबर. आणि त्याच्यापुढं पतीचं नाव वाचून टेलरभाऊ जे हसायला लागले ते बाकावरच बसले. पतीचं नाव म्हणून तिथं त्यांच्या वडलांचं नाव छापलेलं होतं. आडनावासकट!

"वैनी, आमच्या घरात कवा आलासा? मला कुणी सांगितलंच न्हाय," घरी आल्या आल्या टेलरभाऊंनी आत्यांना विचारलं.

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "व्हय, कुठल्या साळंचा मास्तर आलता न्हवं यादीची नावं लिवाय. दुपारचा. घरात मी एकटीच. म्हणाला, मालकाचं नाव काय? आता मी कसं सांगू? मी म्हटलं, दुकानावर पाटी हाय, तिच्यावरनं लिवून घ्या."

मास्तरांनी पाटी वाचली आणि लिहून घेतलं. त्यांचं तरी काय चुकलं? उन्हात घरोघर फिरणारा माणूस, बाई म्हणते पाटीवर आहे, पाटीवर नाव आहे. तो कशाला चौकशी करतोय!

"म्हणजे मत द्यायला गेल्यावर आजवर कुणी विचारलं नाही?" मी विचारलं.

"इचारायचे. मी मान हलवायची. नाव घ्यायचं नाय आणि ऐकायचं नाय, मग कुणाचं का असंना."

मी हात टेकले. आता चोपडं पुन्हा काढलं. त्यात दिलासा होता. यादीत बारीकसारीक चूक असली, पण माणूस तोच आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर अर्ज बाद करू नये. मी अर्ज स्वच्छ भरला, मामांचं खरं नाव लिहिलं, खाली आत्यांनी सही केली. सही करताना वरची ओळ त्यांनी तळहातानं झाकून धरली होती. लिहिलेलं नावसुद्धा नको!

मला वाटलं, झालं. पण वखारवाल्यांना आमच्या घरातली खडान्‌खडा माहिती. छाननीच्या आदल्या दिवशी बातमी आली की त्यांनी वकील लावलाय आणि हरकत घेणार आहेत. आणि वकील म्हणणार आहे की बाईंनी स्वतःच्या तोंडानं नवऱ्याचं नाव सांगावं. वखारवाल्यांच्या घरीही तेच वळण. कोणत्या दगडाला हात घातला की भिंत बसते, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. मला असा राग आला, म्हणून सांगू! समोरासमोर पाडा की निवडणुकीत. ही काय रीत झाली?

गल्लीतल्या बायका मात्र घाबरल्या नाहीत. उखाण्यात घेता येतंय की! सगळ्या आमच्या माजघरात जमल्या आणि सकाळच्या छाननीसाठी उखाणा रचायला बसल्या. चार-पाच झाले. त्यातला पसंत पडला तो असा: "रंकाळ्याच्या काठाला संध्यामठाची सावली, अमुकरावांचं नाव घेतो, छाननीची घटका आली." आत्यांनी तो दोनदा म्हणून बघितला, नावाच्या जागी हुंकार देऊन.

छाननीला आमची अर्धी गल्ली पालिकेत. अधिकारी साताऱ्याकडचे होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज कोरडा. आमचा अर्ज निघाला तसा वकील उठला. म्हणाला, "साहेब, यादीतल्या बाईंचे पती वारले त्याला बरीच वर्षं झाली. अर्जदार बाई कुंकू लावून उभ्या आहेत. म्हणजे या त्या नव्हेत."

आत्या ताडकन उठल्या. "ए बाबा! माझं कुकू तुझ्या कागदावर हाय व्हय रं? तोंड सांभाळून बोल!"

साहेबांनी टेबलावर पेन्सिल आपटली. मग टेलरभाऊंनी सांगितलं की यादीतलं नाव त्यांच्या अब्बांचं आहे, पाटीवरनं उतरवलंय, आणि त्यांच्या अम्मीचं नाव यादीत वेगळं आहे, त्याच पानावर. "आमच्या अब्बांना एकच बायको पुरून उरलती साहेब. ह्या दुसऱ्या वैनी त्यांना झेपल्या नसत्या." हशा पिकला. साहेबही ओठांच्या कोपऱ्यात हसले. पण वकील म्हणाला, हे गृहस्थ बाईंचे सूचक, ते त्यांच्याच बाजूनं बोलणार. बाईंनी स्वतः सांगावं. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर आहे. बाई, तुमच्या पतीचं नाव सांगा. दुसऱ्या कुणी बोलायचं नाही."

आत्यांनी पदर सारखा केला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि सुरू केलं, "रंकाळ्याच्या काठाला..."

"थांबा." साहेबांनी हात वर केला. "बाई, माझ्याही घरी हेच आहे. मला समजतं. पण हे माझ्या कागदावर चालत नाही. काव्य नको. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या, नाहीतर मला अर्ज बाद करावा लागेल."

आत्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना भांडताना बघितलं होतं, रडताना बघितलं होतं, पण असं अडकलेलं कधी बघितलं नव्हतं. ओठ हलायचे आणि मिटायचे. दोन बोटं कुंकवाकडं गेली आणि तशीच राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा नखरा नव्हता, या बाईला खरोखरची भीती वाटत होती. आपण नाव घेतलं आणि त्या माणसाला काही झालं तर? आणि मी बी. ए. झालेली दीडशहाणी, आठव्या दिवशी तिची टर उडवली होती. माझी मलाच लाज वाटली. वखारवाले खाली मान घालून बसले होते. त्यांनाही फार बरं वाटत नसावं.

मागनं मामांचा आवाज आला. त्या दिवशी पहिल्यांदाच हळू. "मी भाईर थांबतो. मी समोर नसलो की जमंल तिला." आणि टोपी हातात घेऊन ते व्हरांड्यात गेले. दारातनं दिसत होतं, भिंतीकडं तोंड करून उभे होते आणि दोन्ही कानांत बोटं घातली होती.

आत्या म्हणाल्या, "त्यास्नी आत बोलवा."

"बाई, त्यांची गरज नाही," साहेब म्हणाले.

"मला हाय. त्यांच्या माघारी नाव न्हाय घेणार मी. काय व्हायचं ते माझ्यासमोर हू दे."

कुणीतरी मामांच्या खांद्याला हात लावला. ते आत आले, कान चोळत. आत्या त्यांच्याकडं वळल्या. साहेबांकडं पाठ झाली, ती त्यांनी चालवून घेतली. आत्यांनी मामांच्या तोंडाकडं बघितलं आणि नाव घेतलं. पुढं-मागं काही नाही, राव नाही, जी नाही. नाव, त्यांच्या बापाचं नाव, आडनाव. प्रत्येक शब्द सुटा, मोठ्यानं.

"हाजर!" मामा ओरडले.

सगळी खोली दणाणली. साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हाला कुणी पुकारलेलं नाही," ते म्हणाले. मग अर्जावर सही केली आणि हरकत फेटाळली. बाहेर तालमीच्या पोरांनी गुलाल उधळला. निवडणूक अजून व्हायची होती, पण गुलाल आणलाच होता तर उधळला. आत्या मात्र घरी येईपर्यंत मामांकडं वळून-वळून बघत होत्या. धाप लागली का, घाम आला का, काही होतंय का. मामांना काही झालं नाही. उलट दुपारी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी मी माजघरात तांदूळ निवडत होते. आत्या चुलीपुढं. मामा आत आले, मी आहे हे त्यांना दिसलं नाही.

"आणि एकदा घे की," ते म्हणाले.

"काय?"

"सकाळी घेतलंस ते."

"का? इसरलासा व्हय स्वतःचं नाव?"

"न्हाय गं. तुझ्या तोंडनं कवा ऐकलंच न्हवतं असं. उखाण्यात घेतेस ते समद्या गल्लीचं असतंय."

चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाल्या, "निवडून आलो की घेतो."

त्यानंतर मामा जे पेटले ते बघण्यासारखं होतं. दुकान माझ्या नवऱ्यावर टाकून हा माणूस सकाळपासनं पायाला भिंगरी लावल्यागत दारोदार. ज्यांच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं त्यांच्या पायरीवर जाऊन बसले. राजारामपुरीत दुकानं असलेल्या आमच्या भागातल्या मतदारांना तिथं जाऊन गाठलं. लोक म्हणायचे, तालमीची इभ्रत आहे, म्हणून मामा एवढे झटताहेत. मी गप्प राहायची. गप्प राहणं मला जमत नाही, पण तेवढं जमवलं.

आणि मग मतदानाच्या आठ दिवस आधी वखारवाल्यांनी काय करावं? बायका खवळल्यात हे बघून स्वतः येऊन, स्वतःच्या खर्चानं, आमच्या संडासाला लोखंडी पत्र्याचं दार बसवून दिलं. आतनं कडी, बाहेरनं कोयंडा. आत्या ते दार तीनदा लावून-उघडून बघून आल्या आणि म्हणाल्या, "माझं काम झालं की. आता पडलो तरी चालतंय."

"तुझं झालं," मामा म्हणाले, "माझं कुटं झालंय?" आणि चप्पल घालून पुन्हा बाहेर पडले.

आत्या पडल्या. थोडक्यात पडल्या, पण पडल्याच. दार मिळाल्यावर चार-दोन बायकांची मतं तिकडं गेली असणार. बायका भिडस्त असतात, दार वापरायचं आणि मत द्यायचं नाही हे त्यांना जमत नाही. ऊन उतरायच्या वेळेला निकालाची बातमी गल्लीत आली. मामा दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि तो मोठ्या आवाजाचा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. तालमीतली माणसं भोवती जमली. वस्ताद पाठीवर हात फिरवत म्हणाले, "गड्या, एवढं काय मनाला लावून घेतोस? म्होरल्या खेपेला आपलीच जागा हाय." सगळ्यांना वाटलं, जागा गेली म्हणून. मला माहीत होतं, पण मी काय सांगणार?

आत्या आतनं बाहेर आल्या. भोवती तालीम होती, शेजारी होते, टेलरभाऊ होते, वखारवाल्यांची गुलालानं माखलेली माणसंसुद्धा पेढे द्यायला म्हणून कोपऱ्यावर येऊन थांबली होती. आत्यांनी कुणाकडं बघितलं नाही. ओले हात पदराला पुसले आणि मामांना नावानं हाक मारली. नुसत्या नावानं, मी माझ्या नवऱ्याला मारते तशी.

मामांनी टॉवेल खाली घेतला.

"उठा," आत्या म्हणाल्या, "च्या निवाय लागलाय."